परिशिष्ट ‘अ’मधील नऊ अटी

माझी मुलगी पाचवीत जाण्याच्या वेळी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यापाशी एक असा कागद मागितला, की जो माझ्यापाशी नव्हता आणि असावा लागतो हेही मला ज्ञात नव्हते. ती माझी मुलगी आहे, असे सांगणारा तो कागद.

“जन्मदाखल्यावर आईवडील दोघेही वेगळे आहेत,” बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. “मग तुम्ही कोण?”

“मी पुस्तकबांधणी करतो.”

“धंदा नाही विचारला. हिचे कोण तुम्ही?”

मी योग्य शब्दाच्या शोधात असतानाच मुलगी म्हणाली, “काका आहे माझा. सख्खा नाही, चुलत नाही, मावसही नाही. नुसता काका.”

“नुसता काका चालत नाही गं,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. “दत्तकाचा हुकूम लागतो. तीन महिन्यांत आणा. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग बालकल्याण कार्यालयाची गाडी येते. हिची रवानगी सरकारी बालगृहात, तेही परगावी. माझ्या हातात काही नाही हो.”

हे ऐकून कोणताही सामान्य मनुष्य गर्भगळीत झाला असता. मी झालो नाही. दत्तकाचा कायदा मला मुखोद्गत होता. तो मीच बांधला होता.

येथे थोडे मागे जाणे क्रमप्राप्त आहे. ही मुलगी जिच्या पोटी जन्मास आली, ती स्त्री माझ्या बाइंडिंगखान्यात घडीकाम करीत असे. छापखान्यातून मोठाले छापील ताव येतात. त्यांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करणे, हे ते काम. तिच्या हातची घडी अशी, की कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर केसभरही फरक निघत नसे. तिचा नवरा मूल पोटात असतानाच अपघातात निवर्तला, आणि ती स्वतः बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी इस्पितळात गेली. तिचा एक लांबचा मामा आला. त्याने बाळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, बाइंडिंगखान्याच्या छपराकडे पाहिले आणि म्हणाला, “तुमच्याकडे जागा मोठी आहे.” तदनंतर तो पुन्हा दृष्टीस पडला नाही.

मी त्या वेळी अविवाहित होतो व आजही आहे. बाळास कोणत्या बाजूने उचलावे, येथपासून माझे अज्ञान होते. परंतु त्याच आठवड्यात सरकारी छापखान्याकडून दोन नव्या कायद्यांच्या प्रत्येकी दोनशे प्रती बांधणीस आल्या, आणि त्यांतील एक कायदा दत्तकाचा निघाला. बाळ हाती आले आणि आठ दिवसांच्या आत त्याचा कायदाही हाती आला, हा योगायोग मी शुभशकुन मानला. दुसरा कायदा कशाविषयी होता, याकडे मी लक्ष दिले नाही. डाव्या पायाने पाळणा हलवायचा आणि उजव्या हाताने फर्मे जुळवायचे, अशा अवस्थेत मनुष्य एकाच कायद्याचे वाचन करू शकतो.

त्या कायद्याचा मुख्य भाग अतिशय गहन होता. माझ्या आकलनानुसार त्याचे सार इतकेच, की घेणाराने परिशिष्ट ‘अ’मधील सर्व अटींची पूर्तता केली पाहिजे. परिशिष्ट ‘अ’ म्हणजे शेवटी शिवायचे चार पानांचे सुटे चौपान. त्यात नऊ अटी होत्या, आणि त्या वाचून कायदा किती बारीक विचार करतो हे मला प्रथमच उमगले. ठेवण्याची जागा कोरडी, हवेशीर आणि प्रत्येकी चाळीस चौरस फुटांहून कमी नसावी. जमीन निसरडी नसावी व तिला दाराच्या दिशेने उतार असावा. स्वच्छ पाणी दिवसातून निदान दोनदा समोर ठेवावे. भर उन्हात दीर्घकाळ उघड्यावर ठेवू नये. भोवती चार फूट उंचीचे कुंपण असावे. दर वर्षी वजन करून नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला घ्यावा. गळ्यात क्रमांकाची पट्टी असावी. अंगावर धावून जाण्याचा स्वभाव असल्यास दारावर तशी पाटी लावावी. आणि नववी अट: कोणास चावल्यास संपूर्ण जबाबदारी ठेवणाराची राहील.

ज्या विद्वानाने हे लिहिले, त्याच्या घरी लहान मूल निश्चित असले पाहिजे, असे माझे मत झाले.

मी त्या नऊ अटी एका वहीत उतरून घेतल्या आणि एकेकीस हात घातला. बाइंडिंगखान्यामागील खोली मोजली. ती सत्तर चौरस फूट भरली. जमिनीस उतार काढण्यासाठी गवंडी बोलावला.

“न्हाणीघर करायचंय का?” त्याने विचारले.

“बाळाची खोली आहे.”

“मग उतार कशाला?”

“कायदा आहे,” मी म्हणालो. कायद्याचे नाव निघताच गवंडी निमूटपणे कामास लागला. त्या उतारामुळे पुढे मुलीच्या हातून सुटलेली प्रत्येक पेन्सिल घरंगळत उंबरठ्याशी जाई, आणि अखेरीस ती अभ्यासास उंबरठ्यातच बसू लागली. तेथे उजेड चांगला असल्याने तिचे अक्षर सुधारले, हेही कायद्याचेच श्रेय म्हटले पाहिजे.

गळ्यातील पट्टीसाठी मी पुस्तकांच्या पाठीला लावतो ते तांबडे कातडे वापरले व त्यावर सोनेरी वर्खात ‘क्रमांक १’ असे उमटविले. शाळेतल्या मुलींना ते पदक वाटले. ‘कसलं मिळालं गं?’ असे त्या विचारीत, आणि ही मान ताठ करून म्हणे, ‘पहिला क्रमांक आहे माझा.’

वार्षिक वजन आम्ही दवाखान्यात करीत असू. डॉक्टर दर वर्षी विचारीत, “पोरीला काही होतंय का?” मी म्हणे, “काही नाही. दाखला हवा.” डॉक्टर म्हणत, “तुमच्यासारखा बाप पाहिला नाही.” ही स्तुती आहे अशा समजुतीने मी त्यांचे आभार मानीत असे.

तात्पर्य, शाळेने हुकूम मागितला तेव्हा माझ्यापाशी नऊ दाखले होते, कुंपण होते, उतार होता. मी त्याच आठवड्यात बालकल्याण कार्यालयात अर्ज दिला आणि पंधरा दिवसांत अधिकारीबाई घर पाहण्यास आल्या. त्यांच्या काखेत दत्तकाचा कायदा होता. निळे कापड, टोकांना कातडे, पाठीवर दोन सोनेरी रेघा. माझ्याच हातचे बांधकाम. नऊ वर्षे सरकारी कार्यालयात काढूनही त्याची एक शिवण ढिली झालेली नव्हती.

बाईंनी पुस्तक परिशिष्टाशी उघडले, पिशवीतून टेप काढली आणि कुंपण मोजले.

“चार फूट दोन इंच. दोन इंच जास्त का?”

“मुलगी वाढती आहे.”

“बरोबर.” त्यांनी टिपून घेतले. “हल्ली लोक अगदी नेमकं चार करतात आणि पोरं उड्या मारून जातात. पाणी?”

“सकाळी एकदा, सायंकाळी एकदा. मधल्या वेळेत ती स्वतः घेते.”

“मला हवं तेव्हा मिळतं,” मुलगी म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. चावलीय का कधी कोणाला?”

मी सत्य सांगितले. तिसरीत असताना ती एका वर्गमित्रास दंडाला चावली होती. परंतु त्याने आधी तिची वेणी ओढली होती.

“नोंद आहे?”

“त्याच्या आईपाशी जाऊन क्षमा मागितली. तीच नोंद.”

“आणि दारावर पाटी नाही ती?”

“अंगावर धावून जाण्याचा स्वभाव नाही तिचा. ते एकदाच झालं.”

“परत वेणी ओढली तर परत होईल,” मुलीने खुलासा केला.

बाई प्रथमच हसल्या. जाताना म्हणाल्या, “नऊ वर्षांत सहा एकट्या पुरुषांची घरं तपासली मी. सगळ्यांना कुंपण, सगळ्यांना उतार. पण इतकी व्यवस्थित पूर्तता कोणाची नव्हती. सुनावणीला या, काळजी करू नका.”

सुनावणीस बारा दिवस उरले असता आमच्या आळीचा दूधवाला सकाळी दूध घेऊन आला आणि चरवी खाली ठेवत म्हणाला, “बाइंडर, मी लग्न करतोय.”

“अभिनंदन! कोणाशी?”

“ते ठरायचंय. आधी गाय ठरलीय.”

मला उलगडा होईना. तेव्हा त्याने बसकण मारली. त्याच्या गोठ्यातील गाई त्याच्या आईच्या नावे होत्या. आई वारल्यावर त्या स्वतःच्या नावे करून घेण्यास तो पशुसंवर्धन कार्यालयात गेला. तेथे त्याच्या हाती अटींची यादी देण्यात आली.

“म्हणे एकट्या पुरुषाच्या ताब्यात मादी देता येत नाही! बैल न्या म्हणाले. बैलाचं दूध काढू का मी? बरं, गाईच्या आईची लेखी संमती आणा म्हणे. ती मेली, तर तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं. गाय माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी लहान आहे, हे लिहून दिलं. तिला दहावीपर्यंत शिकवीन, हे पण लिहून दिलं. आता फक्त बायको राहिलीय.”

“कायदा बारीक विचार करतो,” मी म्हणालो. त्या क्षणी मला यात काहीही वावगे दिसले नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

योगायोग असा, की पशुसंवर्धन कार्यालयाचा शिपाई आदल्याच दिवशी त्यांचे गुरे पाळण्याच्या कायद्याचे पुस्तक माझ्याकडे टाकून गेला होता. लोक काउंटरवर येऊन ते हिसकावून पाहतात, आपटतात, त्यामुळे त्याची पाठ निखळली होती. सुट्टी असल्याने मुलगी माझ्याजवळ बसून त्याची शिलाई उसवीत होती. आईचाच हात तिला लाभलेला आहे. दोरा ओढताना कागद फाटत नाही. दूधवाला गेल्यावर काही वेळाने ती म्हणाली, “काका, तो थापा मारत नव्हता. हे बघ. ‘जन्मदात्या मातेची लेखी संमती.’”

“असेल.”

“‘ठेवणारा आणि स्वीकारलेले यांच्या वयात एकवीस वर्षांचे अंतर.’ ‘शालेय शिक्षण देण्याची हमी.’ काका, गाय शाळेत कशी जाईल?”

“त्यामागे काही हेतू असेल. कायदा उगाच...”

“काका.” तिने चौपान माझ्यापुढे धरले. “हे गाईचं नाहीच. हे माझं आहे.” मग थोडा विचार करून ती म्हणाली, “आणि माझं आहे ते गाईचं आहे.”

मी सरसाचा ब्रश खाली ठेवला. चौपान हाती घेतले. माथ्यावर ‘परिशिष्ट अ’ एवढेच छापलेले. कोणत्या कायद्याचे, याचा उल्लेख नाही. छपाईचे खिळे तेच, कागद तोच, आकार तोच. छापखान्याने दोन कायद्यांची दोन परिशिष्टे एकाच दिवशी धाडली होती आणि मी, पाळणा हलवीत, या गठ्ठ्यातील दोनशे त्या पुस्तकांना आणि त्या गठ्ठ्यातील दोनशे या पुस्तकांना शिवली होती. चारशे प्रती. एकही बरोबर नाही. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून एक पान उलटे लागले नव्हते.

तिकडे मुलगी पुढे वाचीत होती. मग तिचा आवाज थांबला. मी पाहिले, तर बोट आणखी एका अटीवर होते.

“‘स्त्रीजातीय असल्यास अविवाहित पुरुषाच्या ताब्यात कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.’” ती एकेक शब्द सुटा वाचत होती. “कोणत्याही म्हणजे आपल्या पण?”

मला काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलावयाचे होते. परंतु तोंडून “हो” एवढेच निघाले.

“मग परत शिवून टाक ना,” ती लगेच म्हणाली. “होतं तसंच. कोणाला कळणार नाही. नऊ वर्षं कळलंय का?”

“पण हे चुकीचं पुस्तक आहे.”

“असू दे.”

“चुकीची जुळणी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हे मीच तुला शिकवलंय.”

“ते दुसऱ्यांच्या पुस्तकांचं!” तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते भरलेले आहेत हे मान्य करावयास तयार नव्हती. “हे आपलं आहे.”

दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्यास विश्वासात घेतले. त्यास लग्न करण्याची गरज नाही, हे सांगणे मला न्याय्य वाटले. तो सारे ऐकून प्रथम पोट धरून हसला आणि मग गंभीर झाला.

“तू कोणाला बोललास का?”

“नाही.”

“बोलू नकोस. एक तर तुझी पोर जाईल. दुसरं म्हणजे, मी काल तिच्या घरी जाऊन आलो.”

“कोणाच्या?”

“बायकोच्या. म्हणजे होणाऱ्या. विधवा आहे, स्वभाव चांगला आहे, गाईला घाबरत नाही. आता तू म्हणतोस गरज नाही! तिला काय सांगू, कायद्यात दुरुस्ती झाली? गप्प बस, बाइंडर. तुला पोर, मला बायको, गाईला गोठा. कोणाचं काय बिघडतंय?”

मी पुष्कळ विचार केला. शेवटी ते पुस्तक मी होते तसेच, चुकीच्या चौपानासह, पुन्हा शिवले. जाणूनबुजून चुकीचे पुस्तक बांधण्याचा माझ्या आयुष्यातील तो प्रथम प्रसंग. मुलगी शेजारी बसून मेण लावलेला दोरा मला देत होती. शेवटची गाठ मारल्यावर तिने माझ्या दंडाला डोके टेकविले आणि म्हणाली, “चांगलं बांधलंस.” मी मौन पाळण्याचा निश्चय केला. तो निश्चय खरा होता, एवढे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

सुनावणीचा दिवस उजाडला. न्यायालयाची खोली लहान, भिंतींना पिवळट रंग, खिडकीशी कपाटे, आणि एक पंखा, जो फिरत कमी आणि बोलत अधिक होता. न्यायाधीश वयस्क, शांत गृहस्थ होते. उजवीकडे अधिकारीबाई बसल्या होत्या. मुलीने स्वच्छ फ्रॉक घातला होता व गळ्यात पट्टी होती. मी खरे बोलेन अशी शपथ घेतली आणि प्रश्नांची उत्तरे देऊ लागलो. जागा, पाणी, ऊन, वजन. बाई एकेका अटीपुढे खूण करीत होत्या. मुलीला न्यायाधीशांनी विचारले, “तुला यांच्याकडे राहायचंय?”

“मी राहतेच आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे पुढेही?”

“पुढेच तर राहायचंय. मागचं झालंय राहून.”

न्यायाधीश हसले. त्यांनी लेखणी उचलली, हुकुमाचा कागद पुढे ओढला. सही होण्यास जेमतेम एका श्वासाचे अंतर होते. आणि त्यांनी कायद्याचे पुस्तक मिटताना हातात तोलून पाहिले, पाठीवरून बोट फिरविले आणि सहज म्हणाले:

“बाकी पुस्तक काय सुंदर बांधलंय हो. नऊ वर्षं वापरतोय, पान हललेलं नाही. असं निर्दोष काम आता पाहायला मिळत नाही. तुमच्याच धंद्यातलं आहे, कोणाचं असेल?”

मला अधिकाऱ्यांनी दटावले असते, तर मी गप्प राहिलो असतो. वकिलाने उलटतपासणीत सोलून काढले असते, तरी राहिलो असतो. परंतु चुकीच्या जुळणीच्या पुस्तकास कोणी निर्दोष म्हणावे आणि ते मी ऐकून घ्यावे, हे माझ्याने झाले नाही.

“माझं आहे,” मी म्हणालो. “आणि निर्दोष नाही, साहेब. शेवटचं चौपान दुसऱ्या पुस्तकाचं आहे.”

त्यानंतर मी सारे सांगितले. पाळणा सांगितला, दोन गठ्ठे सांगितले, गाय सांगितली. बोलत असताना मुलीकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

न्यायाधीशांनी पुस्तक पुन्हा उघडले. परिशिष्ट ‘अ’ प्रथमच वाचीत असल्याप्रमाणे वाचले. चावण्याच्या अटीपाशी ते बराच वेळ थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “या अटींवर आपण किती हुकूम दिलेत?”

“सहा, साहेब. सगळे आपल्या सहीचे.”

“आणि ती मुलं?”

“मजेत आहेत. मी दर वर्षी वजन बघते.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. “आता माझी अडचण बघा,” ते मला म्हणाले. “तुमचं खरं मानलं, तर एका प्रामाणिक माणसाची मुलगी मला काढून घ्यावी लागते. वर आणखी सहा घरं मोडावी लागतात. खोटं मानलं, तर शपथेवर खोटं बोलणाऱ्याला मुलगी द्यावी लागते. तुम्ही मला कुठं आणून बसवलंत?”

“क्षमा असावी,” मी म्हणालो.

“साहेब,” बाई पुस्तकात बोट ठेवून म्हणाल्या, “परिशिष्टात खरं बोलण्याची अट नाही.”

“नाही?”

“नऊच आहेत. त्यात नाही.”

न्यायाधीशांनी स्वतः मोजून पाहिल्या. नऊच होत्या. मग ते म्हणाले, की हे पुस्तक न्यायालयाचे असून त्यावर सरकारचा शिक्का आहे. त्यात काय असावे, हे सांगण्याचा अधिकार ते शिवणाऱ्यास नाही. तशी दुरुस्ती हवी असल्यास राजधानीत स्वतंत्र अर्ज करावा, त्याची एक समिती असते, ती चार-पाच वर्षांनी बसते. अर्जदाराने पुस्तकाविषयी केलेले विधान अर्जाशी असंबद्ध असल्याने नोंदीतून वगळण्यात येत आहे. सर्व अटींची पूर्तता झाली आहे. वजनाचा दाखला वार्षिक असल्याने हुकूमही वार्षिक राहील व दर वर्षी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागेल.

आणि त्यांनी सही केली. अशा रीतीने, बांधणी चुकली हे माझे म्हणणे अमान्य होऊन, त्या चुकलेल्या बांधणीच्या बळावर मी कायदेशीर पिता झालो. जाताना बाई हळूच म्हणाल्या, “अहो, कशाला तोंड उघडलंत? माझ्या काळजाचं पाणी झालं.”

बाहेर पडलो. मी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटले, मुलगी नाचेल. ती माझ्यापुढे दहा पावले चालत होती, आणि मी वेग वाढविला की तीही वाढवीत होती. चौकातील दिव्यापाशी वाहनांमुळे तिला थांबावे लागले, तेव्हा मी तिला गाठले.

“झालं की गं सगळं,” मी म्हणालो. “बघ, शिक्का आहे.”

“तू मला देऊन टाकणार होतास.”

“छे छे! मी फक्त पुस्तकाविषयी बोललो.”

“तेच म्हणतेय मी.”

मी तिला समजावू लागलो. कारागिराचा धर्म म्हणजे काय, असत्याच्या पायावर उभ्या केलेल्या घराचे काय होते, इत्यादी. मी स्वतःवरच प्रसन्न होईन इतके ते चांगले जमत होते. ती रस्त्याकडे पाहत राहिली.

“पुढच्या वर्षी साहेबांनी परत विचारलं, पुस्तक कोणी बांधलं, तर?”

“नूतनीकरणाला साहेब नसतात. कारकून असतो. त्याला बांधणीतलं काही कळत नाही.”

“आणि कळत असलं तर? म्हणाला, काय छान बांधलंय, तर?”

मी म्हणालो, की असे कारकून दुर्मीळ असतात.

“कारकुनाचं सोड,” ती म्हणाली. “मी विचारतेय.”

दिवा बदलला. लोक रस्ता ओलांडू लागले. तिने सवयीने हात मागे केला, मी तो धरला, आणि पलीकडे पोहोचताच तिने तो सोडवून घेतला.

त्या गोष्टीस आता पाच आठवडे झाले. ती माझ्याशी बोलते, परंतु फर्मे, दोरा, सरस, जेवण यांपुरतेच. शाळेत तिचे नाव माझ्या नावासह लागले आहे, दूधवाल्याचे लग्न झाले आहे, आणि गाय त्याच्या ताब्यात कायदेशीररीत्या आली आहे. राजधानीत अर्ज करण्यासाठी मी कोरा कागद आणून ठेवला होता. तो तिने एका दुपारी घडी घालून वहीच्या पुठ्ठ्यात भरला. घडी केसभरही चुकलेली नव्हती. मी पाहिले आणि काही बोललो नाही. हे तिच्या प्रश्नाचे उत्तर समजले जाईल, अशी मला आशा होती. तसे ते समजले गेलेले नाही. उत्तर तोंडी हवे आहे.

नूतनीकरणास अद्याप दहा महिने आणि काही दिवस आहेत.